र. धों.वर सीरिज नको, त्यांचं प्रश्नोत्तरांचं पान परत आणा

दर काही महिन्यांनी कुणीतरी नव्याने 'मास्टर्स ऑफ सेक्स' बघतं आणि मग एक पोस्ट फिरते: आपल्या र. धों. कर्व्यांवर अशी सीरिज का नाही? खाली शंभर बदाम. कुणी नट सुचवतं, कुणी दिग्दर्शक. कुणी म्हणतं, जुनी गिरगावची चाळ उभी करा, ट्राम दाखवा, कोर्टाचा सीन दाखवा, बाबासाहेब उभे राहतात तिथे एपिसोड संपवा. मग सगळे आपापल्या कामाला लागतात.

मला ही मागणी मान्य नाही. सीरिज वाईट होईल म्हणून नाही. कदाचित फार चांगली होईल आणि भीती तीच आहे. ती बघून आपल्याला वाटेल, की ही लढाई कुणीतरी लढून, जिंकून, संपवून टाकलेली आहे. प्रत्यक्षात १९३४ साली कर्वे कोर्टात जे हरले, ते आपण अजून परत मिळवलेलं नाही. मी राहतो त्या खांडबाऱ्यात तर नाहीच.

ज्यांनी ही सीरिज पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम मास्टर्स नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. १९५७ साली त्यांच्याकडे व्हर्जिनिया जॉन्सन कामाला लागल्या. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण समोरच्या माणसाला बोलतं करण्याचं कसब होतं. दोघांनी मिळून जे केलं ते त्याआधी कुणी इतक्या पद्धतशीरपणे केलं नव्हतं. माणसाचं शरीर लैंगिक क्रियेत काय करतं, हे त्यांनी प्रयोगशाळेत यंत्रं लावून मोजलं. नाडी, श्वास, रक्तदाब, सगळं. ६९४ जणांवर, ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांवर, हे काम झालं आणि १९६६ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. स्त्रीच्या सुखाचे 'पक्कं' आणि 'कच्चं' असे दोन प्रकार असतात ही फ्रॉईडपासून चालत आलेली समजूत त्यांनी मोडीत काढली. म्हातारपणी इच्छा संपते, ही समजूतही. २०१३ ते २०१६ या काळात शोटाइम वाहिनीवर या दोघांची गोष्ट चार सीझनमध्ये आली. मायकेल शीन आणि लिझी कॅप्लन, दोघांनीही अप्रतिम काम केलंय. त्यात वाद नाही.

आता ही सीरिज आपल्याला काय करते ते बघू.

जुना काळ दाखवण्यातली गोम

पडद्यावर जुन्या गाड्या आल्या, सिगारेटचा धूर आला, बायकांचे फुगीर स्कर्ट आले, की आपण मनात एक रेघ ओढतो. रेघेच्या पलीकडे ते, अलीकडे आपण. विद्यापीठाचा अधिकारी मास्टर्सना म्हणतो की हे काम बंद करा, आणि आपण मोबाइलवर बोटाने आवाज वाढवत म्हणतो, काय मागास लोक होते यार. प्रत्येक एपिसोडला आपण थोडे थोडे आधुनिक होत जातो. काही न करता. चार सीझन संपेपर्यंत आपण इतके पुढारलेले असतो की विचारायची सोय नाही.

फक्त सीरिज संपल्यावर बहिणीला पाळीबद्दल काही विचारायची हिंमत झालेली नसते. स्वतःला होणाऱ्या त्रासाबद्दल डॉक्टरला सांगायची झालेली नसते. शाळेत जाऊन शिक्षकांना 'हा धडा का गाळला' विचारायची तर मुळीच नाही.

दुसरी गोम अशी, की अशा सीरिजला नायक लागतात. म्हणून संशोधनाची गोष्ट हळूहळू संशोधकांच्या बिछान्याची गोष्ट होते. कोण कुणावर प्रेम करतं, कोण कुणाला फसवतं, लग्न कधी होतं, कधी मोडतं. मुलांची पात्रं तर सरळ कल्पित आहेत. नाट्य हवं म्हणून हे चालतं. पण या सगळ्यात ते ६९४ जण कुठे जातात? ज्यांनी स्वतःचं शरीर, स्वतःची लाज बाजूला ठेवून वायरी लावून घेतल्या, त्यांच्यामुळे आपल्याला काहीतरी कळलं. पडद्यावर ते येतात, गमतीदार किंवा करुण दिसतात आणि निघून जातात.

आणि नायक केलं की त्याच्या चुकाही गोड वाटू लागतात. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७९ साली समलैंगिकतेवर पुस्तक काढलं. त्यात त्यांनी दावा केला होता की उपचाराने माणसं 'बदलतात'. ज्या थॉमस मायर यांच्या चरित्रावर ही सीरिज बेतली आहे, त्याच चरित्रात त्या उदाहरणांच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका नोंदवल्या आहेत. म्हणजे ज्यांनी विज्ञानाच्या नावावर दारं उघडली, त्यांनीच विज्ञानाच्या नावावर काही माणसांवर एक दार लावूनही घेतलं. 'थोर' म्हटलं की हे बोलायचं राहून जातं.

कर्व्यांचा गुन्हा काय होता?

आता आपल्याकडे येऊ. र. धों. म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. आई राधाबाई बाळंतपणात गेल्या तेव्हा ते लहान होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सनी केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. म्हणजे आपण या बाबतीत जगाच्या मागे नव्हतो, हे लक्षात ठेवा. १९२३ साली त्यांची 'संततिनियमन' आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' ही पुस्तकं आली. १९२५ साली या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. १५ जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, घरात मूल नाही, कारण ते आणि मालतीबाई दोघांनी ठरवून होऊ दिलं नाही.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. त्या काळात संततिनियमनावर बोलणारे कर्वे एकटे नव्हते. ना. सी. फडक्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं. वैद्यकातले लोक बोलत होते, अर्थशास्त्रातले बोलत होते. पण त्यातल्या बऱ्याच जणांची काळजी अशी होती की देशात 'चांगली' संतती व्हावी, 'निकृष्ट' लोकांनी पोरं काढू नयेत. लोकसंख्या, वंश, राष्ट्र. हे सगळं सभ्य होतं, सभेत बोलता येत होतं. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं आणि म्हणूनच पचणारं नव्हतं. बाईला सुखाचा हक्क आहे. मूल हवं की नको हे तिनं ठरवावं. आणि शरीराबद्दल ज्याला जे विचारायचं असेल त्यानं ते विचारावं, मी उत्तर देतो.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कर्व्यांवर पहिला खटला झाला तो १९३१ साली, व्यभिचारावरच्या लेखामुळे. शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ साली झाला, तो वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांमुळे. कुणीतरी हस्तमैथुनाबद्दल विचारलं होतं, कुणीतरी समलैंगिकतेबद्दल. कर्व्यांनी घाबरवलं नाही, पाप म्हटलं नाही, माहिती दिली. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजेच ते अश्लील, हे मानायला त्यांनी नकार दिला. लोक विचारतात, त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, ज्ञानानेच यातल्या अडचणी सुटतील, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

आता कायद्याचं बघा. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या २९२ कलमात अश्लीलतेला एक सूट होती. धार्मिक कारणासाठी असलेलं पुस्तक चालेल, देवळावरचं शिल्प चालेल, देवाच्या रथावरचं चित्र चालेल. विज्ञानासाठी, शिक्षणासाठी, लोकांच्या भल्यासाठी लिहिलेल्या गोष्टींना कलमात सूट आली ती १९६९ साली. कर्वे जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. म्हणजे देवळाच्या भिंतीवर मैथुन कोरलेलं असेल तर ती संस्कृती, आणि तेच शरीर कसं चालतं हे एखाद्याला पत्रातून समजावलं तर गुन्हा.

मास्टर्स आणि जॉन्सन यांनी एक हुशारी केली होती. त्यांनी आपलं १९६६चं पुस्तक मुद्दाम अवघड, कोरड्या वैद्यकीय भाषेत लिहिलं, म्हणजे कुणी अश्लील म्हणू नये. ते वाचलेही आणि पुस्तक धडाक्यात खपलंही. कर्व्यांनी नेमकं उलटं केलं. त्यांनी मराठीत लिहिलं, सोपं लिहिलं, मासिकात लिहिलं, जे टपालाने कुठल्याही गावात पोचू शकतं. मुंबईतल्या इंग्रजी शिकलेल्या माणसाला हॅवलॉक एलिसचे ग्रंथ वाचता येत होतेच. खटकलं ते हे, की ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही कळू लागलं. कर्व्यांना शिक्षा झाली ती कळेल असं लिहिल्याबद्दल.

खांडबाऱ्यातून हे असं दिसतं

खांडबारा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आमचं स्टेशन आहे. या मार्गाने कधी प्रवास केला असेल, तर रुळांच्या कडेच्या भिंती तुम्ही वाचल्या असतील. गुप्तरोग, शीघ्रपतन, धात जाणे, मूल न होणे, खात्रीशीर इलाज, आणि खाली मोबाइल नंबर. या प्रदेशात लैंगिक शिक्षणाचं सगळ्यात मोठं फळ्यावरचं लेखन कुठे असेल तर ते या भिंतींवर आहे. ते मराठीत आहे, हिंदीत आहे, गुजरातीत आहे. मोठ्या अक्षरात आहे. त्यावर कुणी अश्लीलतेचा खटला भरत नाही.

मी इथे मुलांच्या शिकवण्या घेतो. गणित आणि विज्ञान. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. तो शाळेत कसा शिकवला जातो, हे मुलांना विचारलं की मुलं हसतात. 'घरी वाचून घ्या' म्हणून. मुली तर त्या पानाकडे बघतही नाहीत. मग प्रश्न कुठे जातात? फोनमध्ये जातात. हातात स्वस्त फोन, त्यात स्वस्त डेटा. तिथे आधी येतो तो पोर्न, मग तोच भिंतीवरचा वैद्य, आता रीलमध्ये बसून, पाठीमागे जडीबुटीच्या बाटल्या लावून. मुलगा समजतो की रात्री झोपेत जे झालं त्याने त्याचं रक्त कमी होतंय. मुलगी समजते की अंगावरून पांढरं जातंय म्हणजे हाडं झिजताहेत. ही भीती विकून खाणारी माणसं प्रत्येक बाजारात आहेत. ती भीती काढून टाकायला पाच मिनिटं पुरतात. पण ती पाच मिनिटं द्यायची कुणी?

त्यात भाषेचा गुंता. आमच्याकडची मुलं घरी मावची बोलतात, कुणी भिलीची दुसरी एखादी बोली, कुणी कोकणी. शाळेत प्रमाण मराठी. फोनवर हिंदी. दवाखान्यात अर्धी इंग्रजी. शरीराच्या त्या भागांना घरच्या बोलीत जे शब्द आहेत ते शिवीत तरी येतात नाहीतर थट्टेत. पुस्तकातले शब्द संस्कृत, ते तोंडात बसत नाहीत. मग एखादी पोरगी डॉक्टरसमोर बसते आणि सांगते, 'खाली दुखतंय.' खाली म्हणजे कुठे? पोट, कंबर, लघवीची जागा, गर्भाशय? डॉक्टरला वेळ नाही, तिच्याकडे शब्द नाही. गोळी मिळते आणि ती घरी जाते. कर्व्यांनी मराठीत एकेक गोष्ट नावानं सांगायचा हट्ट धरला, त्याचं मोल इथे कळतं. ज्याला नाव नाही त्यावर इलाजही होत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. पण काय केलं तेही बघा. २००७ साली शाळांमध्ये किशोरवयीन मुलांसाठीचा शिक्षण कार्यक्रम येणार होता. त्यावर 'संस्कृती'च्या नावाने गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. महात्मा फुल्यांचं नाव घेणाऱ्या राज्यानं. २०१४ साली केंद्राने किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. नाव छान आहे. तुमच्या गावापासून सगळ्यात जवळचं मैत्री क्लिनिक कुठे आहे, कुठल्या वारी उघडतं, आत कोण बसतं, हे सांगू शकाल? दारावर पाटी लावली म्हणजे मैत्री होत नाही.

आणि कायदा. २०१२च्या पॉक्सो कायद्याने मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिलं. ते हवंच होतं, त्यावर माझी तक्रार नाही. पण त्याच कायद्यात कुठलीही माहिती कळली की पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. आमच्या भागात लहान वयात लग्नं होतात, लग्नाआधी एकत्र राहणंही होतं. अठरा पूर्ण न झालेली मुलगी गरोदर राहिली, की घरच्यांना दवाखान्याची भीती वाटते, कारण दवाखाना म्हणजे पोलीस. मग ती दवाखान्यात जातच नाही. जाते तेव्हा उशीर झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात म्हटलं, की अशा मुलीच्या गर्भपाताच्या वेळी तिची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. किती मुलींना हे माहीत आहे? त्यांच्या आयांना? गावातल्या आशाताईंना? निकाल दिल्लीत झाला, इंग्रजीत झाला आणि तिथेच राहिला. इथे कुणी तो मावचीत सांगितला नाही.

'तुमच्याकडे तर सगळं मोकळंच असतं'

पुण्या-मुंबईच्या मित्रांशी हे बोललं की एक वाक्य हमखास येतं. 'पण आदिवासी समाजात तर याबाबतीत मोकळेपणा असतो ना?' डोळ्यांत जरा चमक असते. कुणी व्हेरिअर एल्विनचं मुरियांच्या घोटुलवरचं पुस्तक ऐकलेलं असतं, कुणी होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराची बातमी वाचलेली असते, जिथे म्हणे तरुण-तरुणी जोडीदार निवडतात. सातपुड्यातला भोंगऱ्या हा मुळात होळीच्या खरेदीचा बाजार आहे. ढोल, बासरी, नवे कपडे, गूळ-डाळ्या. त्याला 'प्रेमाचा बाजार' करून छापू नका, हे आदिवासी संघटनांनी वारंवार सांगितलं आहे. तरी दरवर्षी फोटो तेच आणि मथळा तोच.

हीसुद्धा एक प्रकारची पीरिअड सीरिजच आहे. तिथे काळ दूरचा, इथे माणसं दूरची. तिथे म्हणायचं 'ते किती बंदिस्त होते', इथे म्हणायचं 'ते किती मोकळे आहेत'. दोन्हीकडे बघणारा आरामात. लग्नाच्या रीती वेगळ्या असणं ही एक गोष्ट आहे. आमच्याकडे हुंडा नाही, दहेज मुलाकडून मुलीकडे जातं, बाईला नवरा सोडून दुसरं घर करता येतं. याचा मला अभिमान आहे. पण स्वतःच्या गर्भाशयाबद्दल माहिती असणं ही दुसरी गोष्ट आहे. ती रीतीतून आपोआप येत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. फडात पाळी आली तर बाईने काय करायचं, कुठे धुवायचं, कुठे बसायचं? मोकळेपणा तिथे काही कामाला येत नाही.

उसाच्या फडात न बोलण्याची किंमत काय असते हे बीडने दाखवलं. २०१९ साली आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढली गेली. त्यातल्या कितीतरी ऊसतोड मजूर होत्या. अंगावरून जातं, पोटात दुखतं, खाडा पडला की पैसे कापतात. आणि समोरचा सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट संपेल. त्या बाईला कुणी आधी पाच मिनिटं दिली असती तर?

'पण सीरिजने जागृती होईल की!'

हा प्रामाणिक आक्षेप आहे, म्हणून त्याचं उत्तर देतो. कर्व्यांवर काही झालंच नाही असं नाही. २००१ साली अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला. किशोर कदम आणि सीमा विश्वास यांनी त्यात काम केलं. २०१७ साली अजित दळवींनी लिहिलेलं आणि अतुल पेठेंनी बसवलेलं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक आलं. दोन्ही चांगली कामं आहेत, मिळतील तिथे जरूर बघा. त्यांच्यामुळे माझ्यासारख्यांना कर्वे कळले. पण ते बघून उठलेल्या माणसाने पुढे काय करायचं? कर्वे किती एकटे होते याचं वाईट वाटून घ्यायचं? ते आपण पुरेसं वाटून घेतलं आहे. आपल्याकडे माणूस हयात असताना त्याला दंड करायचा आणि मेल्यावर त्याचं 'द्रष्टेपण' गायचं, ही जुनी रीत आहे. द्रष्टा म्हटलं की एक सोय होते. त्याचं म्हणणं कायम भविष्यासाठी राहतं, आज काही करावं लागत नाही.

पुढे काय करता येतं याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगभरात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच मानलं जाई. या आकड्यांनी ते बदललं. हे कामही सेंट लुईसच्या प्रयोगशाळेइतकंच पायाभूत होतं. फरक असा, की इथे संशोधन करणाऱ्यांनी आकडे घेऊन घर गाठलं नाही. तिथेच राहून उपचार केले. राणीताईंनी पुढे तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान'ची शिबिरं घेतली, ज्यात मुलं विचारतात आणि मोठी माणसं न लाजता उत्तर देतात. कर्व्यांच्या पत्रोत्तरांचा खरा वारसा तो आहे. त्यावर सीरिज नाही निघाली तरी चालेल. ती शिबिरं नवापुरात, अक्कलकुव्यात, धडगावात व्हायला हवीत.

मग हवं काय?

मागणी छोटी आहे. कर्व्यांचं प्रश्नोत्तरांचं पान.

प्रत्येक आश्रमशाळेत, प्रत्येक हायस्कुलात एक कुलूपबंद पेटी ठेवा. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा दवाखान्यातल्या डॉक्टर किंवा नर्सताई येऊन चिठ्ठ्या उघडतील आणि वर्गात उत्तरं देतील. मुलामुलींना एकत्र बसवायचं की वेगळं, ते शाळेनं ठरवावं. पण उत्तर द्यायचं. त्याला खर्च येतो एका पेटीचा आणि एका कुलपाचा.

आशाताईंना मावचीत, भिलीत, कोकणीत छोट्या ऑडिओ क्लिप करून द्या. पाळी, पांढरं जाणं, गर्भनिरोधक, गर्भपाताचा कायदा, संमती म्हणजे काय. तीन-तीन मिनिटांच्या. व्हॉट्सअॅपवर लग्नाच्या पत्रिका आणि दुधाच्या भावाचे फॉरवर्ड जातात तसेच हेही जातील.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांना माझं सांगणं. तुम्ही कर्व्यांवर लेख लिहिता, त्यांच्या जयंतीला, १४ जानेवारीला, पोस्ट टाकता. आता त्यांच्यावर लिहिणं थांबवा आणि त्यांनी जे लिहिलं ते लिहा. या वेबझीनसकट प्रत्येक मराठी वेबझीनने महिन्यातून एक पान वाचकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना द्यावं. खरा डॉक्टर बसवा. सोप्या मराठीत उत्तर द्या. 'योनी' लिहायला हात अडत असेल तर अडू द्या, दुसऱ्या महिन्यात अडणार नाही. काही लोक चिडतील. कुणी तक्रार करेल. आता कायद्यात विज्ञानाला आणि लोकहिताला सूट आहे, ती कर्व्यांच्या वेळी नव्हती. त्यांनी ती नसताना लिहिलं. आपण ती असताना गप्प आहोत, म्हणजे भित्रे कोण ते उघड आहे.

मास्टर्स-जॉन्सनची सीरिज बघायची असेल तर बघा. छान आहे. पण बघून झाल्यावर 'आपल्याकडे असं का नाही' अशी पोस्ट टाकू नका. आपल्याकडे होतं. १९२७ सालापासून सव्वीस वर्षं, मराठीत, दर महिन्याला टपालाने येत होतं. आपण त्याला दोनदा दंड केला आणि ते चालवणारा गेल्यावर बंद पडू दिलं. ते परत सुरू करायला कॅमेरा लागत नाही. कुणीतरी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं लागतं.